न कापलेल्या पानातला मासा

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली प्रतिसादात कुणी मला अंगारा नाहीतर लिंबू सुचवायला नको. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. निवृत्त होईपर्यंत मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. आणि ज्या घरात वाढले ते घर म्हणजे परळला, पोयबावडीजवळच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. तिथे माणसांनाच पाय पसरायला जागा नव्हती, भुताला कुठून मिळणार?

शिवाय आमचे आबा. आबा म्हणजे माझे वडील, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. धम्मदीक्षा घेतली त्या आठवड्यात त्यांनी घरातला देव्हारा उतरवला, आईच्या उशाखालचा ताईत काढला आणि आम्हाला शांतपणे सांगितलं, "आजपासून या घरात जे दिसंल ते का दिसतंय ते विचारायचं. घाबरायचं नाय." दोन दिवसांनी आईने देव्हाऱ्याच्या त्या कोनाड्यात आमची पुस्तकं नेऊन ठेवली.

आता हे आज का लिहितेय, तर नातीने परवा मला इथला दुर्मिळ कादंबऱ्यांचा धागा वाचून दाखवला. कोण कुठल्या मालिकेच्या मागे आहे, कुणाला शेवटचा भागच मिळत नाहीये, कोण कुणाला काय सुचवतंय... ऐकता ऐकता मी एकदम म्हणाले, "अगं, हे तर आम्ही पेन्सिलीने करायचो!" मग तिने सगळी गोष्ट काढून घेतली, आणि हे टाइपही तीच करतेय. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या.

काळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. भिंती घोषणांनी भरलेल्या, दर दोन दिवसांनी कुठेतरी सभा. मी नववीत होते आणि माझा थोरला भाऊ वसंत वीस वर्षांचा. आम्हा दोघांना वेड एकच, अद्भुत कादंबऱ्यांचं. पाताळातली नगरं, उडते खडक, शाप मिळालेले पक्षी. (नात म्हणते याला आता फँटसी म्हणतात. म्हणोत बापडे.) लालबागला एका पिठाच्या गिरणीच्या वर पेडणेकरांची लायब्ररी होती, तिथून आम्ही ही पुस्तकं आणायचो. खालचं पीठ उडून वर यायचं, त्यामुळे कुठलंही पुस्तक घेतलं की आधी फ्रॉकला पुसायचं.

त्या लायब्ररीत एक रीत होती. पेडणेकर सगळ्या पुस्तकांना एकाच तपकिरी कापडाची बांधणी करून घ्यायचे. नावं पुसट झालेली, त्यामुळे वाचलेलं कुठलं आणि न वाचलेलं कुठलं हे घरी आल्यावरच कळायचं. म्हणून प्रत्येक वाचकाने आपलं एक पान ठरवलेलं असायचं, आणि पुस्तक वाचून झालं की त्या पानावर पेन्सिलीने आपली खूण करायची. कुणाची एकोणिसाव्या पानावर फुली, कुणाची चाळिसाव्यावर चांदणी. आमचा दोघांचा मिळून एकतिसाव्या पानावर त्रिकोण. पुस्तक हातात घेतलं की आधी एकतिसावं पान बघायचं, मग नाव. भिंतीवर 'पुस्तकांवर खुणा करू नयेत' अशी पाटी होती, आणि पेडणेकरांची स्वतःची खूण सातव्या पानावर असायची!

तर पंचावन्नाव्या पानावर, अगदी वरच्या कोपऱ्यात, कुणीतरी एक मासा काढायचं. पेन्सिल न उचलता काढलेला, एका रेघेचा. आम्ही जे जे पुस्तक आणावं त्यात तो मासा आमच्या आधी येऊन गेलेला. आणि एकदा शेवटच्या कोऱ्या पानावर बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात लिहिलेलं सापडलं, 'हे आवडलं असेल तर "काचेचा घोडा" वाचा.'

वाचलं. दोघांनाही वेड लागल्यासारखं झालं. वसंताने त्याच्या शेवटच्या पानावर लिहिलं, 'तुम्ही "निळ्या धुराचा किल्ला" वाचा. पण राक्षस पहिल्याच प्रकरणात मरतो, पुढे मजा नाही.' काही आठवड्यांनी तो किल्ला मुद्दाम पुन्हा आणला, तर पंचावन्नाव्या पानावर मासा हजर, आणि शेवटी उत्तर, 'राक्षस सोडा. त्याच्या आईकडे बघा. सहावं प्रकरण.' वसंताने सहावं प्रकरण पुन्हा वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. असं ते वर्षभर चाललं. आम्हाला त्यात गूढ वगैरे काही वाटलं नाही. असेल कुणी लालबागचाच वाचक, आमच्यासारखाच खुळा.

'सात विहिरींचं नगर' हे त्या माशानेच सुचवलेलं. तीन भागांची कादंबरी. नगराचं पाणी आटतं आणि एक साधा पाणक्या एकेक विहीर उतरत खाली जातो. प्रत्येक विहिरीच्या तळाशी वेगळं जग. पहिले दोन भाग आम्ही एकमेकांच्या हातातून ओढून वाचले. तिसरा लायब्ररीत नव्हताच.

आणि मग वसंताचा अपघात झाला. एका मोर्चात धावपळ उडाली, हा पडला आणि माणसं याच्या उजव्या पायावरून गेली. आमच्या भागात हुतूतूच्या चढाईला वसंताइतका चपळ मुलगा नव्हता, हे मी बहीण म्हणून सांगत नाही, पैज लावणारे लोकही हेच सांगायचे. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. पाय थोडा आखूड राहील. पण आता रोज उभं राहायलाच हवं. महिनाभर असाच पडून राहिला तर गुडघा कायमचा आखडेल."

वसंत उठेना. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या तशाच. आबा ओरडले, आईने हात जोडले, मी भांडले. त्याचं एकच, "लंगडत मैदानावरनं जायचं? त्यापेक्षा पडलोय तो बरा." भिंतीकडे तोंड करून पडायचा. विचारायचा ते फक्त इतकंच, "तिसरा भाग मिळाला का गं?"

"मिळाला तर उठशील?"

"वाचून तर होऊ दे. मग बघू."

मला वाटायचं, म्हणजे उठेल. आईला तसं वाटत नव्हतं. मोरीत भांडी घासताना ती मला हळूच म्हणाली, "त्याला तेवढंच उरलंय, शकू. ते पण संपलं की..."

मी माशाला विचारलं. 'काचेचा घोडा' आणून त्याच्या शेवटच्या पानावर लिहिलं, 'सात विहिरींचा तिसरा भाग कुठे मिळेल? भाऊ आजारी आहे. लवकर हवा.' पुस्तक परत केलं. पुढच्या दहा दिवसांत दोनदा जाऊन बघून आले. उत्तर नाही.

आबांना या कादंबऱ्यांचा भारी राग. "यक्ष-राक्षस दारातनं घालवले, तुम्ही ते पिशवीतनं परत आणताय," म्हणायचे. पण एका शनिवारी पाळीवरून आले, चहाही न घेता म्हणाले, "काय नाव त्या पुस्तकाचं? चल, दाखव तुझी लायब्ररी." तो जिना ते पहिल्यांदाच चढले.

पेडणेकर म्हणाले, "तिसरो भाग माकाच गावलो नाय, तुमका खयसून देऊ? पण ह्या बघा, गिरगावात ठाकूरद्वाराच्या बाजूक एक म्हातारो बाइंडर आसा. पयल्या दोन भागांची मूळ बांधणी तेचीच. तेका इचारा."

दुसऱ्या दिवशी रविवार. ट्रामने आम्ही दोघं गिरगावात. एका गल्लीत, जिन्याखाली नानांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक दाबयंत्र, खळीचं पातेलं आणि छपरापर्यंत गठ्ठे. नाना सत्तरीचे असतील. नाव ऐकल्यावर चष्मा कपाळावर सारून ते आमच्याकडे बघतच राहिले. "सात विहिरींचा तिसरा? पोरी, तो बाजारात गेलाच नाही. शिवून ठेवला होता, कडा कापायच्या राहिल्या. तेवढ्यात प्रकाशकाने दुकान बंद केलं. वीस वर्षं आहे तिथेच पडून, सगळा गठ्ठा."

आम्हाला त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. आबांनी क्षणभर त्या पेल्याकडे बघितलं, मग प्यायले. मग आबांनीच वर चढून तो गठ्ठा खाली घेतला.

आता हे नीट वाचा, कारण सगळं यावर आहे. गठ्ठ्याची सुतळी इतकी जुनी होती की गाठ सुटेना. ती मी माझ्या हाताने तोडली. वरच्या दोन प्रती कसरीने खाल्लेल्या, म्हणून तिसरी मी निवडली. नानांनी हात लावला नाही. प्रतीच्या कडा कापलेल्या नव्हत्या, म्हणजे छापलेला मोठा कागद घड्या घालून शिवतात ना, त्या घड्या वरून आणि बाजूने तशाच बंद. ज्यांनी अशी पुस्तकं पाहिली नाहीत त्यांनी बंद पाकिटं एकाला एक शिवली आहेत असं समजा. सुरी घालून घडी फाडल्याशिवाय आतली पानं उघडत नाहीत.

"घेऊन जा," नाना म्हणाले. "फक्त वाचून झालं की शेवट काय तो सांगायला ये. जन्मभर पुस्तकं बांधली, वाचायला कुठे मिळालं?"

घरी आल्यावर वसंताने फूटपट्टी मागितली. घड्या तो स्वतः फाडणार होता, रोज थोड्या, पुरवून पुरवून. पण पडल्या पडल्या जमेना, म्हणून पुस्तक मी धरायची, फाडायचीही मीच, आणि तो मोठ्याने वाचायचा. दुपारच्या उन्हाची तिरीप खिडकीतून आत येईपर्यंत आमचं वाचन चालायचं. आई भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि मध्येच विचारायची, "मग उतरला का तो पाचवीत?"

तिसऱ्या दिवशी मी एक घडी फाडली आणि माझा हात तिथेच थांबला. पंचावन्नावं पान. वरच्या कोपऱ्यात मासा.

वसंत म्हणाला, "मस्करी करतेस?"

"आत्ता फाडली ना तुझ्यासमोर!"

त्याने पुस्तक हिसकावलं, डोळ्यांजवळ नेलं, थुंकी लावून बोट फिरवलं. पेन्सिलच होती. आणि बोलता बोलता तो कोपरावर उठून बसला, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच, हे त्याच्याही ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी आबांनी चौकशी हातात घेतली. वर्तमानपत्राचा कागद घेऊन तशाच घड्या घातल्या आणि मला पेन्सिल दिली. "काढ बघू आत मासा. न फाडता." खालच्या उघड्या बाजूने मी पेन्सिल घातली. वरच्या कोपऱ्यापर्यंत ती कशीबशी पोचली, पण नुसता ओरखडा उठला. वसंताने करून पाहिलं, त्यालाही जमेना. आबा बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले, मग त्यांचा चेहरा खुलला. "सोपं आहे. घडी घालायच्या आधी काढलाय. तुमचा हा मासेवाला छापखान्यात कामाला आसंल. तेव्हापासूनची खोड."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. किती छान बसत होतं ते! वसंत तर म्हणाला, पाय बरा असता तर त्या माणसाला शोधूनच काढला असता.

शेवटचं प्रकरण आम्ही आठव्या दिवशी वाचलं. पाणक्या सातव्या विहिरीच्या तळाशी पोचतो. पाणी सापडतं. पण वर जायची दोरी तुटलेली असते. तो काठावर बसतो, पाण्यात पाय सोडतो. समाप्त.

वसंताने पुस्तक छातीवर पालथं घातलं. "बघ," म्हणाला, "तो पण नाय उठला." आणि भिंतीकडे वळला.

मला त्या लेखकाचा असा संताप आला म्हणून सांगू! इतक्या लांबून, इतक्या खटपटीने आणलेलं पुस्तक, आणि त्याने माझ्या भावाला हे द्यावं? आई चुलीकडे तोंड करून पदर डोळ्याला लावत होती. मी पुस्तक उचललं. 'समाप्त'नंतर एक घडी राहिली होती, कोऱ्या पानांची. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. नुसत्या रागाने मी पट्टी घालून ती फाडली.

आत लिहिलेलं होतं. बारीक, डावीकडे कललेलं अक्षर.

'भावाला सांगा, इथे संपत नाही. चौथा भाग आहे. मी वाचला आहे.'

खाली मासा.

मी पुस्तक तसंच उघडं वसंताच्या पुढ्यात धरलं. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. फाडलेल्या कडेवरून बोट फिरवलं, कागदाचे ताजे तंतू अजून तिथे उभे होते. मग म्हणाला, "शकू, त्या कुबड्या दे."

पहिल्या दिवशी तो फक्त दारापर्यंत गेला आणि घामाघूम होऊन उंबऱ्यात बसला. दुखण्याने ओठ चावून रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी गॅलरीच्या टोकापर्यंत. जिना उतरायला तीन आठवडे लागले, आणि त्या दिवशी खाली हुतूतूची पोरं होती, ती नुसती बाजूला झाली. महिन्याच्या आत वसंत ट्राममध्ये बसून गिरगावात गेला, मी सोबतीला.

नाना ऐकून हसले, मग हसायचे थांबले. "चौथा कसा असेल? तिसरा छापून व्हायच्या आतच लेखक गेले. चौथा लिहायला माणूसच उरला नव्हता." आमच्यासमोर त्यांनी त्याच गठ्ठ्यातल्या पाच-सहा प्रतींच्या शेवटच्या घड्या सुरीने फाडल्या. सगळी पानं कोरी. कुठेही मासा नाही. "बरं, तिसऱ्याचा शेवट काय झाला?" त्यांनी विचारलं. वसंत म्हणाला, "अजून माहीत नाही, नाना. चौथा मिळाला की सांगतो."

आबांना आम्ही ते पान दाखवलं होतं. छापखान्यातल्या माणसाने वीस वर्षं आधी लिहिलं म्हणावं, तर त्याला भाऊ कुठून कळला? आत्ता लिहिलं म्हणावं, तर घडी बंद. त्यांनी पेडणेकरांची नोंदवही पालथी घातली. आमच्याशिवाय ती सगळी पुस्तकं नेणारा एकही वाचक त्यात नव्हता. 'काचेचा घोडा'च्या शेवटच्या पानावर माझा प्रश्न तसाच होता, खाली कोरं. त्यानंतर कुठल्याही पुस्तकात नवा मासा कधी दिसला नाही. आबांनी शेवटी वही मिटली आणि म्हणाले, "कळलं नाय. कळलं नाय म्हणून भूत मानायचं नाय. कळलं नाय, एवढंच लिहून ठेव." तेच आज लिहितेय.

वसंत चांगला जगला. नोकरी, लग्न, मुलं. पाय ओढत चालायचा, पण आयुष्यभर चालला, आणि दर रविवारी पुस्तकांच्या मागे. गिरगाव, दादर, कुठे जुन्या वाचनालयाची कपाटं निघाली की हा तिथे. अनोळखी वाचकांशी पत्रव्यवहार करायचा, त्यांना पुस्तकं सुचवायचा, त्यांची मागवायचा. दादरच्या पुस्तकवाल्यांत त्याचं नावच 'चौथा भाग' पडलं होतं. भाग अर्थात मिळाला नाही.

गेल्या वर्षी तो गेला. त्याच्या आधी काही दिवस, दुपारची वेळ, मी त्याला संत्र्याच्या फोडी सोलून देत होते. तो म्हणाला, "शकू, आता तरी खरं सांग. ते तूच लिहिलं होतंस ना?"

साठ-पासष्ट वर्षं तो हे मनात धरून होता. इतके रविवार तो जे शोधत हिंडला, ते आपल्या धाकट्या बहिणीने रचलेलं आहे असं धरून हिंडला. मी म्हणाले, "नाही रे. शपथ." तो हसला आणि माझ्या हातावर थोपटलं. "बरं, नसशील." त्याला पटलं नाही, हे मला दिसत होतं.

खरं तेच सांगितलं होतं मी. पण तेव्हापासून एक गोष्ट मला झोपू देत नाही. मासा कुणाचा, घडीत शिरला कसा, हे कळलं नाही तर नाही कळलं. पण पेन्सिल माझ्याकडे होती, पुस्तक आठ दिवस माझ्या हातात होतं, आणि माझा भाऊ डोळ्यांदेखत संपत चालला होता. ती एक ओळ मला सुचायला हवी होती. मला सुचली नाही. दुसऱ्या कुणाला तरी सुचली.